पाच भोकांचा हुक

नातू दर शनिवारी मोहालीहून जेवायला येतो आणि ताटाशेजारी मोबाइल ठेवून जेवतो. गेल्या शनिवारी त्या मोबाइलवर हुकांची चित्रं होती. गाडीच्या मागे ट्रेलर जोडायचा लोखंडी हुक. कुठला खालीवर सरकवता येणारा, कुठला एकाच उंचीवर पक्का बसवलेला. तो बोटाने चित्रं वर ढकलत होता आणि माझी भरली वांगी गार होत होती.

“आजी, ॲडजस्टेबल लूँ या फिक्स्ड, समझ ही नहीं आ रहा.” मराठी त्याला सगळं कळतं, विशेषतः जेवायला काय आहे ते. उत्तर मात्र हिंदीत. “छोड़ो, आपको क्या पता होगा.”

मला काय पता असणार! याच चंदीगडात, याच एका प्रश्नावर सलग दोन वर्षं विचार करणारा माणूस आमचा घरमालक होता आणि त्याला दोन वर्षं वेड्यात काढणारी विदुषी मी स्वतः होते.

आमच्या रांगेतले सगळे त्यांना दारजी म्हणत. फौजेच्या गाड्यांच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, बायको वारलेली, पांढरीशुभ्र दाढी जाळीत बांधलेली. खाली ते आणि त्यांची जुनी जीप, वर आम्ही. घर बघायला गेलो तेव्हा इतर घरमालक विचारतात तसं माणसं किती, मुलं दंगा करतात का, असलं काही त्यांनी विचारलं नाही. त्यांनी विचारलं, “सामान का वज़न कितना है?”

माझे यजमान वैद्यकीय संस्थेत संशोधन करायचे. रक्ताच्या थेंबाचं वजन ते सांगू शकले असते. कपाटाचं त्यांना सांगता येईना. मी मात्र मुलींच्या कॉलेजात फिजिक्स शिकवत होते, एम.एस्सी.ला पहिली आले होते आणि ही माहिती समोरच्याला पहिल्या पाच मिनिटांत मिळेल याची काळजी घेत होते. मी कपाटाचं वजन छातीठोकपणे ठोकून दिलं. दारजी म्हणाले, “भरे हुए का या खाली का?”

मी म्हटलं, “कपाटाचं.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि किल्ली यजमानांच्या हातात दिली.

त्यांच्या कुडत्याच्या खिशात कायम एक पाणसळ असे. गवंडी भिंतीवर ठेवून बघतात ना, काचेच्या नळीत बुडबुडा असलेली पट्टी, तीच. बुडबुडा मधोमध आला की जग ठीक चाललंय. दारजी ती कशावरही ठेवत. खाटेवर, खिडकीच्या चौकटीवर, एकदा तर पाहुण्यांसमोर डाळीच्या पातेल्यावर. आमच्याकडे गणपती बसले तेव्हा ते वर आले, हात जोडले, डोळे मिटले आणि मग खिशातून पाणसळ काढून चौरंगावर ठेवली. बुडबुडा डावीकडे पळाला. वर्तमानपत्राची घडी करून त्यांनी चौरंगाच्या एका पायाखाली सरकवली, पुन्हा बघितलं आणि म्हणाले, “अब बैठेंगे आराम से.” आमच्या घरात अनेक वर्षं गणपती तिरके बसत होते, हे मला एका सरदारजीने दाखवून दिलं. मला ते आवडलं नव्हतं, हे सांगायला नकोच.

कशाचाही विषय निघो, त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. “भार पाके वेखो.” भार टाकून बघा. नवा पूल, नवी खुर्ची, नवा मुख्यमंत्री, कुणाचा होणारा जावई. रिकाम्या गोष्टीबद्दल ते मत देत नसत.

आता हुकाकडे येते. जीपला जोडायचा एक दोन चाकी ट्रेलर त्यांच्या गॅरेजात होता आणि भिंतीवर सहा हुक टांगलेले होते. कुठला फौजेच्या लिलावातला, कुठला भंगारातला, कुठला खास करवून घेतलेला. प्रत्येकाखाली खडूने नापसंतीचं कारण लिहिलेलं. ‘मोड़ पे अड़ता है.’ ‘शोर करता है.’ ‘पिन ढीली.’ एकाखाली नुसतंच ‘नहीं’. आमच्याकडे मुलीचा बाप सुद्धा इतकी स्थळं इतक्या थंडपणे नाकारत नाही. मी येताजाता विचारायची, “दारजी, मुलगा पसंत पडला का?” ते म्हणायचे, “अभी देख रहे हैं, पुत्तर.”

हे सगळं कशासाठी चाललं होतं, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

दारजींची थोरली बहीण, बीजी, सरहद्दीकडच्या गावात एकटी राहत होती. नवरा गेलेला, मुलगे परदेशात. ऐंशीच्या दशकातली, दहशतवादाची ती वर्षं पंजाबात कशी होती ते आता नव्याने सांगायला नको. रात्री बंदूकवाले येऊन बीजींकडे रोट्या मागायचे आणि सकाळी पोलीस येऊन रोट्या कुणी खाल्ल्या ते विचारायचे. नाही म्हणायची सोय दोन्हीकडे नव्हती. दारजी दर पंधरवड्याला जाऊन विनवायचे की चंदीगडला चल. आणि बीजी दर वेळी हो म्हणायच्या, फक्त एक अट घालून.

पहिली अट, गहू घरात आल्यावर. दुसरी अट, लाडोला घेऊन. लाडो ही त्यांची म्हैस, पंजाबीत मज्झ. या हकिकतीत नाव एवढ्या एकीलाच आहे, आणि तिचा तोराही तसाच होता. तिसरी अट, रजयांची पेटी. ही पेटी म्हणजे आपली ट्रंक नव्हे. ती लोखंडाची एक खोलीच असते, आत कुटुंबाच्या तीन पिढ्यांच्या रजया. पुढच्या महिन्यात पेटी रद्द, जातं पक्कं. त्याच्या पुढच्या महिन्यात म्हैसही नको, “मैं ही नहीं आती.” परत आले की दारजी गॅरेजच्या भिंतीवरचा वजनाचा आकडा पुसायचे, नवा लिहायचे आणि हुकांकडे बघत उभे राहायचे.

ट्रक का केला नाही, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. दारात ट्रक लागला की सगळ्या गावाला कळतं कोण सोडून चाललंय, आणि ते कळलेलं काहींना खपत नव्हतं. जीपमागे म्हैस म्हणजे जनावर डॉक्टरकडे चाललंय.

आम्ही चंदीगडात तसे शूर होतो, कारण आमच्या सेक्टरात काही घडत नव्हतं. बसथांब्यावर बेवारस वस्तूला हात लावू नका अशी पाटी, संध्याकाळी लवकर सामसूम होणारे रस्ते, आईची कोल्हापूरहून ‘परत या’ म्हणणारी पत्रं. मी उलट टपाली धैर्याची पानंच्या पानं लिहायची. इतरांनी कसं वागावं याबद्दल माझी मतं तेव्हा फार स्पष्ट होती.

एके दिवशी बीजींच्या शेजारचं घर रिकामं झाल्याचं कळलं. माणसं कुठे गेली ते कुणी सांगेना. दारजी सातवा हुक शोधायला निघाले होते. मी जिन्यात उभी राहून, हातात वर्गाच्या चाचणीचे पेपर धरून, त्यांना म्हटलं, “दारजी, सच बोलूँ? आपको बीजी को लाना ही नहीं है. ये हुक सब बहाना है.”

ते थांबले. दाढीवरून हात फिरवला. “पुत्तर, चाय पियोगी?”

मी तो चहा प्यायले नाही. तत्त्वाचा प्रश्न होता.

पुढच्या खेपेला ते बसने गावी गेले आणि संचारबंदीत पाच दिवस तिकडेच अडकले. इकडे मी ठरवलं की या माणसाचा प्रश्न आता विज्ञानाने सोडवायचा. टेप घेतली. सपाट फरशीवर जीपच्या मागच्या बाजूची उंची मोजली, ट्रेलरच्या दांड्याची उंची मोजली, कागदावर आकृती काढली, बाण काढले आणि मोहालीच्या वाटेवरच्या मिस्त्रीकडे स्कूटरने गेले. मागे यजमान बसले होते, नेहमीसारखे गप्प.

मिस्त्रीने आकृती उलटीसुलटी करून पाहिली. “मॅडमजी, इक वारी दारजी नूं पुछ लवो.”

“मैं फिजिक्स पढ़ाती हूँ.”

“फेर ठीक है जी,” तो म्हणाला. ज्या आवाजात म्हणाला तो मला कळायला बरीच वर्षं लागली. त्याने येऊन जीपला हुक वेल्डिंग करून टाकला. पक्का. हलवायचं काम नाही.

दारजी परतले. वाकून हुक पाहिला, मला पाहिलं. ट्रेलर जोडला आणि त्याच्या तळावर पाणसळ ठेवली. बुडबुडा बरोब्बर मधोमध. अहो, केसभर इकडेतिकडे नाही. मी यजमानांकडे अशा नजरेने पाहिलं की त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

“बहुत बढ़िया,” दारजी म्हणाले. “हुण भार पाओ.”

म्हशीएवढा भार आणायचा कुठून? शेजारचे इतिहासाचे प्राध्यापक आणि त्यांची धष्टपुष्ट पत्नी, गवळी, आमचे यजमान, विटांची एक रास, असे सगळे ट्रेलरवर चढवले. जीपच्या मागच्या स्प्रिंगांचे पाटे दबले, हुक त्यांच्याबरोबर खाली गेला आणि ट्रेलरने नाक जमिनीला लावलं. बुडबुडा पार टोकाला. मी रिकामी जीप मोजली होती आणि रिकामा ट्रेलर मोजला होता. गृहपाठ एकदम शुद्ध, फक्त त्यात म्हैस नव्हती.

पण हार मानेन तर मी कसली. “सगळे मागे सरका!” मी हुकूम सोडला. सगळे मागे सरकले. आता ट्रेलरचं नाक वर आलं, ते जीपची शेपटीही उचलू लागलं. “झालं की सरळ! चलाइए, दारजी!”

दारजींनी चौकाला एक फेरी मारली. पुढे भार नसलेला ट्रेलर वळणावर कसा वागतो हे मी पुढे वीस वर्षं वर्गात फळ्यावर शिकवलं. त्या दिवशी ते प्रत्यक्ष पाहिलं. ट्रेलरने आधी उजवीकडे शेपूट हलवली, मग डावीकडे, मग लयच पकडली. प्राध्यापकांची पत्नी गवळ्याला बिलगली. आमचे यजमान एक शब्द न बोलता, अगदी शांतपणे, चौकातल्या कर्दळीच्या ताटव्यात जाऊन बसले. चंदीगडचे चौक फार सुंदर राखतात, लागलं काही नाही.

माझा हुक कापून काढायला, जीपचं मोडलेलं दुरुस्त करायला अकरा दिवस गेले. ते अकरा दिवस बीजी त्या गावात होत्या. काही झालं नाही त्यांना. म्हणून आज मी हे हसत सांगू शकते.

दारजींनी माझा हुक सातवा म्हणून भिंतीवर टांगला. खाली खडूने लिहिलं, ‘खाली गाड़ी के लिए अच्छा.’

मी गॅरेजात जाऊन उभी राहिले. माफी मागायची होती, पण त्या विषयात मी कधीच पहिली नव्हते. म्हणून विचारलं, “दारजी, दो साल... एक हुक?”

ते एक जाड पट्टी कानशीने घासत होते. घासता घासता बोलले. “भैणजी को मैंने कहा, ये लाओ, वो मत लाओ, तो वो कहेगी, रहने दे, मैं नहीं आती. वो बहाना ढूँढ रही है, पुत्तर. मैं नहीं.” फुंकर मारून लोखंडाचा कीस उडवला. “उसका घर है. क्या उठाना है, उसी को पता. पेटी लाए, चक्की लाए, मज्झ लाए, अकेली आ जाए. मेरा हुक ना नहीं बोलना चाहिए.”

ती पट्टी म्हणजे आठवा हुक. जीपच्या मागे उभी बसायची, तिला एकाखाली एक पाच भोकं. ज्या उंचीला हवा त्या भोकात हुक लावायचा आणि पिन ठोकायची, बस. भार काय येणार हे कळल्यावर उंची ठरवायची. आधी नाही.

“तिसऱ्या भोकात बसेल,” मी तत्काळ म्हणाले. असल्या गोष्टी माणसात इतक्या लवकर सुधारत नाहीत.

ते भल्या सकाळी निघाले. ऐन जेठ महिना, सहालाच ऊन चटके देत होतं. निघताना खिशातून पाणसळ काढून माझ्या हातात दिली. माझा ऊर भरून आला, वारसा वगैरे सोपवतायत असं वाटलं. ते म्हणाले, “नाके पे पूछेंगे ये क्या है. समझाते समझाते शाम हो जाएगी.”

संध्याकाळी यायचे होते. आले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात गेलेच नाही. पाणसळ घेऊन गच्चीवर बसले आणि ती कठड्यावर ठेवून बुडबुडा बघत राहिले. यजमान दोनदा चहा घेऊन वर आले. दोन्ही वेळा मी प्यायले.

दुपारी तीनच्या सुमाराला चौकात हॉर्न वाजला. जीप आली. जीपच्या मागे ट्रेलर, ट्रेलरमध्ये लाडो, तोंड मागच्या बाजूला करून, मिरवणुकीतल्या पुढाऱ्यासारखी. पुढे दारजींच्या शेजारी पांढऱ्या ओढणीतल्या एक किरकोळ बाई, ज्यांना मी आदल्या दिवसापासून मनातल्या मनात दहादा मारलं होतं.

काय झालं ते बीजींनीच नंतर सांगितलं, दारजींचं प्रत्येक वाक्य खोडून काढत. लाडो सरळ चढायलाच तयार नव्हती. तासभर ओढाताण झाली. मग ती स्वतःहून चढली, पण उलटी, आणि डोकं, छाती, सगळा भार मागे. ट्रेलरचं नाक वर. दारजींनी बहिणीला फक्त एवढंच विचारलं, “होर की लैणा?” आणखी काय घ्यायचं? बीजी आत गेल्या, उंबऱ्यात बसल्या, उठल्या आणि म्हणाल्या, “पेटी.” ती लोखंडी खोली ट्रेलरच्या पुढच्या अंगाला चढवली, वर चारा टाकला. पिन काढून हुक चौथ्या भोकात. तिसऱ्या नव्हे. दहा मिनिटांचं काम. पण एवढ्यात उशीर झाला, म्हणून रात्र वाटेतल्या नातेवाइकाकडे काढली.

खरा प्रसंग सकाळी नाक्यावर आला. शिपायाने विचारलं, म्हैस कुठे नेताय?

“डॉक्टर कोल,” बीजी म्हणाल्या. डॉक्टरकडे.

“की होया?”

“दुध नहीं देंदी.”

शिपायाच्या घरीही म्हैस होती. चौकशी संपली आणि सल्ला सुरू झाला. मेथी द्या, गूळ द्या, तोंड उलटं का बांधलंय. बोलता बोलता त्याने सवयीने चाऱ्यात लोखंडी सळई खुपसली. ठण्ण वाजलं.

“हे काय?”

“रजाइयां.”

त्याने चारा बाजूला करून पेटी उघडायला लावली. रजयाच होत्या. लाल, हिरव्या, घडी घातलेल्या, वरपर्यंत. शिपाई त्यांच्याकडे बघत राहिला. त्या उन्हात, ज्येष्ठात, दूध न देणारी म्हैस दाखवायला निघालेली म्हातारी, आणि सोबत सगळ्या थंडीची तयारी. न कळायला तो काही फिजिक्समध्ये पहिला आला नव्हता.

त्याने झाकण स्वतः लावलं. चारा होता तसा वर पसरला. “जाओ बीजी,” म्हणाला, “मज्झ दा ख़याल रखना.”

हे सगळं मला नंतर कळलं. त्या क्षणी मी जिन्यावरून धावत खाली गेले आणि, खोटं कशाला सांगू, बीजींकडे नाही, ट्रेलरकडे धावले. लाडोच्या खुरांशेजारी पाणसळ ठेवली. दोन वर्षांची मेहनत, पाच भोकं, चौथ्यात पिन. बघते तर बुडबुडा मधे नाही! चांगला बोटभर पुढच्या बाजूला.

“दारजी!” मी आनंदाने ओरडले. “लेव्हल में नहीं है! एक भोक चुकलं!”

दारजी जीपच्या पलीकडे उभे होते. बहिणीला उतरवायला त्यांनी दोन्ही हात वर धरले होते. बीजींनी एक पाय खाली टाकला होता, दुसरा अजून जीपमध्येच, आणि त्या काही तो काढायची घाई करत नव्हत्या. ज्यांनी गणपतीला सुद्धा तिरकं बसू दिलं नव्हतं, त्या माणसाने मान वळवून पाणसळीकडे पाहिलंही नाही.

“रहण दे, पुत्तर,” ते म्हणाले.

बीजींनी दुसरा पाय खाली ठेवला. ओढणी सारखी केली. मग माझ्याकडे, माझ्या हातातल्या पट्टीकडे आणि म्हशीकडे आळीपाळीने बघून भावाला विचारलं, “ए कुड़ी मेरी मज्झ नूं नाप क्यों रही है?”

सेक्टरात म्हैस ठेवायला मनाई होती. लाडो पंधरवडाभर गॅरेजात, आठ हुकांच्या साक्षीने, बेकायदा राहिली. मग गावाबाहेर गवळ्याकडे तिची सोय झाली आणि बीजी रोज रिक्षाने तिला भेटायला जात. दूध ती उत्तम देत होती. पेटी मात्र घराच्या दारातून आत जाईना, ती शेवटपर्यंत गॅरेजातच राहिली. तिच्या झाकणावर दारजींनी पाणसळ ठेवलेली मी कधी पाहिली नाही.

एवढं सगळं नातवाने ऐकलं. वांगी संपवली. मोबाइल पुन्हा हातात घेतला.

“तो? कौन सा लूँ?”

“ओढायचं काय आहे तुला?”

“अभी पक्का नहीं है, आजी. शायद बाइक. शायद टेंट का सामान.” मग ताटाकडे बघत, “साथ में कोई जाएगी तो उसका भी सामान होगा ना.”

“किती असेल तिचं?”

“मैं कैसे बताऊँ? वो तो उसी को पता.”

मी त्याच्या ताटात आणखी एक वांगं वाढलं.

“मग भोकांचा घे,” म्हटलं.